माळावरचे पक्षी, शिकारी आणि गवत

अमेरिकेत शिकारीच्या पक्ष्यांचे दोन ढोबळ वर्ग मानले जातात. पहिला बदके, कलहंस यांसारख्या पाणपक्ष्यांचा. दुसरा कोरड्या जमिनीवर, गवतात, झुडपांत आणि जंगलाच्या कडेने राहणाऱ्या पक्ष्यांचा. बॉबव्हाइट लावा, प्रेअरी चिकन, सेज ग्राउज आणि रफ्ड ग्राउज हे दुसऱ्या वर्गातील देशी पक्षी. आशियातून आणलेले रिंगनेक फेझंट आणि चकोर हेही याच वर्गात मोडतात. आपल्याकडील तितर-लाव्यांप्रमाणे हे पक्षी जमिनीवर घरटे करतात, पायी हिंडून दाणे व किडे टिपतात आणि संकट अगदी जवळ येईपर्यंत दबून बसतात. त्यांचे अस्तित्व झाडांपेक्षा जमिनीवरच्या आच्छादनावर अवलंबून असते. हे आच्छादन कसे नाहीसे झाले, ते राखण्याच्या कामात शिकारी समाज कसा उतरला आणि त्यातून काय साधले, याचा मागोवा या प्रकरणात घेतला आहे.

पक्ष्याला लागते काय

या पक्ष्यांना वर्षभरात वेगवेगळ्या प्रकारची जागा लागते. घरट्यासाठी मागल्या वर्षीच्या वाळक्या गवताचे ठोंब हवेत. पिल्लांसाठी किड्यांनी भरलेली, पण पायाखाली मोकळी असलेली जमीन हवी. हिवाळ्यात वारा आणि बर्फ अडवणारी दाट झुडपे किंवा पाणथळीतले उंच गवत हवे आणि तिथून जवळच दाणेही मिळायला हवेत. यांपैकी एकही गोष्ट पक्ष्याच्या रोजच्या फिरण्याच्या टापूत नसेल, तर बाकीच्या सगळ्या असूनही संख्या वाढत नाही.

बॉबव्हाइट लाव्याची मादी एका वेळी डझनभर अंडी घालते. पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच आईमागे चालू लागतात. पहिले काही आठवडे त्यांचे अन्न मुख्यतः किडे असते, कारण वाढीसाठी लागणारी प्रथिने दाण्यांतून पुरेशी मिळत नाहीत. एवढ्याशा पिल्लाला गवताच्या बुंध्यांमधून वाट काढता आली पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिण आणि मध्य भागात चाऱ्यासाठी पसरवलेले फेस्क्यू हे परदेशी गवत जमिनीवर गादीसारखे दाट माजते. कुरण हिरवेगार दिसते, पण पिल्लू त्यात अडकून पडते. हिरवळ आणि अधिवास यांतला हा फरक कळायला शेतकऱ्यांना आणि शासनालाही बराच काळ लागला.

हे पक्षी अल्पायुषी असतात. बॉबव्हाइटच्या एखाद्या थव्यातील बहुतेक पक्षी पुढचे वर्ष पाहत नाहीत. ससाणे, कोल्हे, थंडी आणि उपासमार ही त्यामागची कारणे शिकार नसली तरी असतातच. त्यामुळे जात टिकण्यासाठी जवळजवळ प्रत्येक विणीचा हंगाम यशस्वी व्हावा लागतो. गवत सलग दोन-तीन वर्षे नाहीसे झाले, तर एखाद्या भागातून पक्षीच नाहीसा होतो.

केवळ बंदीने न वाचलेला पक्षी

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पक्ष्यांची शिकार हा मोठा व्यापार होता. रेल्वेमुळे मारलेले पक्षी पिंपांत भरून शिकागो आणि न्यूयॉर्कच्या बाजारात पोचू लागले. प्रवासी कबुतर हे या व्यापाराचे सर्वांत प्रसिद्ध बळी. त्या जातीची शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्याआधी, १९०० मध्ये, लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या पशुपक्ष्यांच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली होती. हळूहळू राज्यांनी हंगाम, परवाने आणि दिवसाची मर्यादा ठरवली आणि बाजारासाठी होणारी शिकार संपली.

पण बंदी पुरेशी नव्हती, हे हीथ हेनने दाखवून दिले. प्रेअरी चिकनची ही पूर्व किनाऱ्यावरची उपजात. ती एकेकाळी मुबलक होती. १८७० च्या सुमारास ती फक्त मॅसॅच्युसेट्समधील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर उरली. १९०८ मध्ये तिच्यासाठी तिथे राखीव क्षेत्र केले गेले आणि संख्या वाढत काही वर्षांत दोन हजारांच्या आसपास गेली. मग १९१६ च्या मे महिन्यात, ऐन विणीच्या दिवसांत, राखीव क्षेत्रात वणवा लागला. वर्षानुवर्षे आग न लागल्याने साठलेल्या वाळक्या काटक्यांमुळे तो भडकला. घरट्यांवर बसलेल्या अनेक माद्या त्यात गेल्या. पाठोपाठ कडक हिवाळा, शिकारी पक्ष्यांचा उपद्रव, कोंबड्यांचे रोग आणि थोड्याच पक्ष्यांतील आपसांतले प्रजनन यांनी उरलेली संख्या खालावली. शेवटचा नर ११ मार्च १९३२ रोजी दिसला. कायद्याचे संरक्षण होते, राखीव जमीनही होती. मात्र अधिवासाची निगा राखण्याचे ज्ञान नव्हते आणि सारी संख्या एकाच ठिकाणी उरली होती.

लिओपोल्ड आणि स्टॉडर्ड

हे ज्ञान उभे करण्याचे काम दोघांनी केले आणि दोघेही स्वतः शिकारी होते. आल्डो लिओपोल्ड हे वनखात्यातले अधिकारी. १९३३ मध्ये त्यांचे ‘गेम मॅनेजमेंट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात या विषयाचे प्राध्यापकपद त्यांच्यासाठी निर्माण झाले. कुऱ्हाड, नांगर, गाय, आग आणि बंदूक या ज्या पाच साधनांनी वन्यजीव संपवले, तीच साधने जाणीवपूर्वक वापरून ते परत आणता येतात, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. शिकारीच्या जातींची संख्या हे नशीब मानू नये, जमिनीच्या वापराचा तो परिणाम समजावा आणि म्हणून बदलता येतो हे ओळखावे, अशी दृष्टी त्यांनी दिली.

हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी १९२४ पासून जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या सीमेवरील रेड हिल्स या भागात बॉबव्हाइटचा अभ्यास केला. तिथल्या मोठ्या शिकारी मळ्यांच्या मालकांनी त्यासाठी पैसा पुरवला होता, कारण लावे कमी होत होते आणि कारण उमगत नव्हते. स्टॉडर्ड यांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. लाँगलीफ पाइनच्या विरळ वनांत नियमित लागणारी हलकी आग झुडपांची गर्दी रोखते, जमीन मोकळी ठेवते आणि शेंगावर्गीय रोपे व गवत वाढू देते, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्या काळी वनखाते आगीला वनाचा शत्रू मानून तिच्याविरुद्ध मोहीम चालवत होते, त्यामुळे हे म्हणणे पचणे सोपे नव्हते. पण स्थानिक शेतकरी आणि त्यांच्याआधी मूळ रहिवासी शेकडो वर्षे वन जाळत आलेच होते.

त्याच भागात १९५८ मध्ये टॉल टिंबर्स हे संशोधन केंद्र स्थापन झाले आणि आगीच्या परिसरशास्त्राला तिथून मोठी चालना मिळाली. आज रेड हिल्समधील मळ्यांवर एक ते तीन वर्षांआड छोट्या छोट्या तुकड्यांत आग लावली जाते. एक तुकडा जळालेला, शेजारचा गेल्या वर्षीचा, त्यापलीकडचा दोन वर्षांचा अशी मांडणी केल्याने घरटे, पिल्ले आणि आडोसा या तिन्ही गरजा एकमेकींच्या जवळच भागतात. एकेकाळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेले लाँगलीफ वन विसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम ३० लाख एकरांवर आले होते. त्यातला चांगला राखलेला मोठा भाग लाव्यांच्या शिकारीसाठी जपलेल्या खासगी जमिनींवर होता. दुर्मिळ रेड-कॉकेडेड सुतार पक्षीही त्यामुळे तिथे टिकला. त्याची शिकार कोणीच करत नाही.

बंदुकीवरचा कर

अधिवास राखायला सातत्याचा पैसा लागतो. अमेरिकेने तो शिकाऱ्यांकडूनच घेतला. २ सप्टेंबर १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पिटमन-रॉबर्टसन कायद्यावर सही केली. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरील ११ टक्के उत्पादन शुल्क वन्यजीवांसाठी राखून ठेवले गेले. पुढे पिस्तुले आणि धनुष्यबाणही या करात आले. जमलेला निधी राज्यांना वाटताना निम्मा भाग राज्याच्या क्षेत्रफळावर आणि निम्मा परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. राज्याने खर्चाचा एक भाग स्वतः घातला, तर तीन भाग केंद्राकडून मिळतात.

या कायद्यातील एक अट विशेष परिणामकारक ठरली. शिकारीच्या परवान्यांतून मिळणारा पैसा राज्याला वन्यजीव खात्याखेरीज कोठेही वळवता येत नाही. वळवला तर केंद्राचा वाटा थांबतो. त्यामुळे रस्ते किंवा इतर कामांसाठी या पैशावर डोळा ठेवणे राज्य सरकारांना परवडेनासे झाले. या निधीतून जमिनी विकत घेतल्या गेल्या, गवत लावले गेले, संशोधकांचे पगार निघाले आणि शिकारीचे सुरक्षा-प्रशिक्षणही सुरू झाले. अलीकडे काही वर्षी या निधीची वार्षिक रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. मात्र त्यात मोठा वाटा शिकारीशी संबंध नसलेल्या बंदूकखरेदीचा आणि नेमबाजीचाही आहे.

फेझंटची संख्या आणि शेतीचे धोरण

रिंगनेक फेझंट हा मूळचा चीनचा. शांघायमधील अमेरिकी वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही पक्षी जहाजाने ओरेगॉनला पाठवले. पहिल्या खेपेतील बहुतेक पक्षी प्रवासातच मेले, पण १८८२ मध्ये पोचलेले विलामेट खोऱ्यात रुजले. दहा वर्षांत तिथे शिकारीचा पहिला हंगाम जाहीर झाला. साउथ डकोटात स्पिंक काउंटीच्या परिसरात पक्षी सोडल्यावर १९१९ मध्ये एका दिवसाचा पहिला हंगाम झाला. १९४३ मध्ये फेझंट हा त्या राज्याचा अधिकृत पक्षी ठरला.

गहू-मक्याच्या शेतांलगत गवत असले की हा पक्षी वाढतो. म्हणून त्याच्या संख्येतील चढउतारांत अमेरिकेच्या कृषिधोरणाचा इतिहास वाचता येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मनुष्यबळाअभावी पडीक राहिलेल्या जमिनींवर तण माजले आणि १९४५ मध्ये साउथ डकोटातील फेझंटची संख्या १ कोटी ६० लाखांवर पोचल्याचा अंदाज होता. युद्धानंतर नांगर परत फिरले आणि संख्या घसरली. १९५६ च्या ‘सॉइल बँक’ योजनेने जमीन पिकाखालून काढण्यासाठी शेतकऱ्यांना मोबदला दिला, तेव्हा ती पुन्हा वाढली. योजनेचे करार संपले आणि ती पुन्हा कमी झाली.

१९८५ च्या कृषी कायद्याने ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’ सुरू झाला. धूप होणारी किंवा कमी कसाची जमीन शेतकऱ्याने १० ते १५ वर्षांसाठी गवताखाली ठेवायची आणि सरकारने त्याचे वार्षिक भाडे द्यायचे, असा हा करार. मूळ उद्देश माती वाचवणे आणि धान्याचा अतिरिक्त साठा रोखणे हा होता. पक्ष्यांना झालेला लाभ त्यासोबत आला. २००७ मध्ये या योजनेखाली सर्वाधिक, म्हणजे ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती आणि साउथ डकोटातील फेझंट एक कोटीच्या वर होते. त्याच सुमारास मक्यापासून इथेनॉल बनवण्याला सरकारने जोर दिला, मक्याचे भाव चढले आणि करार संपताच शेतकऱ्यांनी गवत नांगरले. २०१४ च्या कायद्याने योजनेची मर्यादा २ कोटी ४० लाख एकरांवर आणली. फेझंटची संख्या तोवर जवळपास निम्म्यावर आली होती.

या साऱ्या काळात शिकारीचे नियम फारसे बदलले नव्हते. बदलले ते गवत.

हंगाम आणि रीत

साउथ डकोटात ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी फेझंटचा मुख्य हंगाम उघडतो. शहरात गेलेली मुले गावी परततात, तीन पिढ्या एकाच शेतातून रांगेने चालतात आणि चर्चमध्ये किंवा गावच्या सभागृहात शिकाऱ्यांसाठी न्याहारी रांधली जाते. छोट्या गावांतील खाणावळी आणि निवासांची वर्षभराची कमाई या काही आठवड्यांवर बरीचशी अवलंबून असते.

या शिकारीत कुत्र्याला बरोबरीचे स्थान आहे. पॉइंटर आणि सेटर वास लागताच जागीच ताठ उभे राहतात. स्पॅनियल पक्ष्याला उडवतो. लॅब्राडोर पडलेला पक्षी शोधून आणतो. जखमी पक्षी गवतात हरवू न देणे ही या परंपरेतील मोठी जबाबदारी मानली जाते आणि त्यासाठी शिकवलेला कुत्रा आवश्यक असतो.

फेझंटचे फक्त नर मारायचे, हा नियम जीवशास्त्रावर उभा आहे. एक नर अनेक माद्यांशी जोडी करतो, त्यामुळे काही नर कमी झाले तरी पुढच्या वर्षीच्या पिल्लांची संख्या घटत नाही. नर रंगीत आणि मादी मातकट असल्याने उडतानाही दोघांतला फरक कळतो. साउथ डकोटात दिवसाला तीन नरांची मर्यादा आहे. नेताना पक्ष्याचे डोके, पाय किंवा पिसे ठेवावी लागतात, म्हणजे तपासनिसाला नर-मादी ओळखता येते.

आयोवातील संशोधक पॉल एरिंग्टन यांनी १९३० च्या दशकापासून दाखवले, की हिवाळ्यात एखाद्या जागेला जितके पक्षी पोसता येतात त्याहून जास्त असलेले पक्षी कोणत्या ना कोणत्या कारणाने मरतातच, म्हणून त्यांतील काहींची शिकार झाल्याने वसंतातील संख्या फारशी बदलत नाही. नंतरच्या अभ्यासांनी या निष्कर्षाला मर्यादा घातली. हंगामाच्या अखेरीस, हिवाळा तगलेल्या पक्ष्यांची शिकार केली, तर ती थेट प्रजननक्षम संख्येतून वजा होते. म्हणून बॉबव्हाइट आणि ग्राउज यांच्या बाबतीत हंगामाची लांबी जपून ठरवावी लागते.

मोजणीतही लोकांचा सहभाग असतो. नेब्रास्का आणि कॅन्ससमध्ये ग्रामीण टपालवाहक आपल्या फेरीत दिसलेले फेझंट नोंदवतात. मिनेसोटा आणि आयोवात ऑगस्टच्या पहाटे ठरलेल्या रस्त्यांवरून मोजणी होते, कारण दवाने भिजलेले पक्षी त्या वेळी अंग सुकवायला रस्त्याकडेला येतात. सेज ग्राउजचे शिकारी ठरावीक जागी ठेवलेल्या पिंपांत पक्ष्याचा एक पंख टाकून जातात. पिसांवरून वय आणि लिंग कळते आणि त्या वर्षी किती पिल्ले जगली याचा अंदाज बांधता येतो.

शिकाऱ्यांच्या संस्था

१९८२ मध्ये मिनेसोटातील सेंट पॉल येथे ‘फेझंट्स फॉरएव्हर’ ही संस्था सुरू झाली. वर्तमानपत्रात निसर्ग आणि शिकारीवर लिहिणारे डेनिस अँडरसन यांनी गवत नाहीसे होत असल्याबद्दल लिहिलेल्या लेखातून तिची कल्पना पुढे आली. गावोगावच्या शाखांनी जेवणावळी व लिलावांतून जमवलेला अधिवासाचा निधी त्याच शाखांनी आपल्या भागात खर्च करायचा, ही तिची घडण. आपल्या वर्गणीतून कोणत्या बांधावर गवत उगवले हे सभासदाला पाहता येते, म्हणून संस्था झपाट्याने पसरली. २००५ मध्ये लाव्यांसाठी ‘क्वेल फॉरएव्हर’ ही जोडसंस्था निघाली. १९६१ पासून काम करणारी ‘रफ्ड ग्राउज सोसायटी’ तरुण जंगलासाठी झटते. रफ्ड ग्राउजला ॲस्पेन झाडांची दाट कोवळी वाढ लागते, त्यामुळे तिथे टप्प्याटप्प्याने केलेली तोड हेच संरक्षण ठरते.

पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून संख्या वाढवण्याचा सोपा मार्ग या संस्थांनी बहुतांशी बाजूला ठेवला. असे पक्षी शत्रू ओळखत नाहीत, अन्न शोधू शकत नाहीत आणि बहुतेक थोड्याच दिवसांत मरतात. तेवढाच खर्च गवतावर केला, तर रानटी पक्षी आपोआप वाढतात.

माळावरील बहुतेक जमीन खासगी असल्याने प्रवेशाचा प्रश्न मोठा असतो. कॅन्ससने १९९५ मध्ये सुरू केलेल्या योजनेत राज्य शेतकऱ्यांकडून शिकारीपुरता प्रवेश भाड्याने घेते. परवानाधारक कोणीही पायी त्या जमिनीवर जाऊ शकतो. शेतकऱ्याला गवत राखण्याचे आणखी एक कारण मिळते आणि शिकार फक्त पैसेवाल्यांची राहत नाही.

या संघटित शक्तीचा उपयोग कायद्यांसाठीही झाला. मिनेसोटाच्या मतदारांनी २००८ मध्ये स्वतःवर विक्रीकराचा जादा भार मान्य केला. त्यातील सुमारे एक तृतीयांश निधी अधिवासासाठी आहे. डिसेंबर २०१४ मध्ये त्या राज्यात फेझंटवर परिषद झाली आणि २०१५ मध्ये सार्वजनिक जलप्रवाहांच्या काठाने सरासरी ५० फूट रुंदीचा वनस्पतींचा पट्टा ठेवण्याचा कायदा झाला. पक्ष्यासाठी सुरू झालेल्या चर्चेतून नद्यांत जाणाऱ्या खतांना आळा घालणारा नियम तयार झाला.

मर्यादा

या व्यवस्थेचे दोषही स्पष्ट आहेत. ज्याची शिकार होते त्याच्याकडे लक्ष आणि पैसा अधिक जातो. इलिनॉयमध्ये फेझंटच्या माद्या प्रेअरी चिकनच्या घरट्यात अंडी घालत. फेझंटची पिल्ले आधी बाहेर पडत आणि देशी पक्ष्याची अंडी वाया जात. उरल्यासुरल्या प्रेअरी चिकनना वाचवण्यासाठी तिथे फेझंट कमी करावे लागले.

चकोराची कथा अशीच गुंतागुंतीची आहे. १८९३ मध्ये कराचीहून काही जोड्या इलिनॉयला नेल्या गेल्या. पुढे हा पक्षी नेव्हाडा, ओरेगॉन, आयडाहोच्या कोरड्या खडकाळ उतारांवर स्थिरावला आणि १९४७ मध्ये नेव्हाडात त्याच्या शिकारीचा पहिला हंगाम झाला. चीटग्रास या परदेशी गवतावर तो चांगला पोसतो. पण हेच गवत लवकर वाळते, वारंवार पेट घेते आणि सेजब्रश नष्ट करते. हिवाळ्यात सेज ग्राउजचे अन्न जवळजवळ फक्त सेजब्रशची पाने असतात. एका शिकारपक्ष्याला मानवणारी जमीन दुसऱ्याचा घात करते, म्हणून पक्ष्यांची केवळ संख्या हे माळाच्या आरोग्याचे माप होऊ शकत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने छंदाची शिकार बंद आहे, त्यामुळे अमेरिकी निधिव्यवस्था इथे लागू होत नाही. माळाचे परिसरशास्त्र मात्र सारखेच आहे. महाराष्ट्रात नान्नजचा माळढोक आणि अकोला-वाशीमकडील तणमोर यांनाही गवतच लागते आणि पडीक ठरवून नांगरलेले किंवा झाडे लावून भरलेले माळरान त्यांच्यासाठी कायमचे संपते.

अमेरिकेत शिकाऱ्यांचे प्रमाणही घटत आहे. २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत त्यांची संख्या १ कोटी १५ लाख होती, म्हणजे सोळा वर्षांवरील लोकसंख्येच्या पाच टक्क्यांहून कमी. १९७० नंतर उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेशांतील पक्षी निम्म्याहून अधिक घटले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले. इतक्या मोठ्या ऱ्हासाचा भार एका घटत्या समूहाने पेलावा ही अपेक्षा टिकणारी नाही. मिझुरी राज्याने १९७६ मध्येच विक्रीकराचा एक अष्टमांश टक्का निसर्गरक्षणासाठी देऊन तो भार सर्व नागरिकांवर विभागला आणि मिनेसोटाने पुढे तोच मार्ग धरला. शिकारी परंपरेचे या कामातील योगदान मोठे आहे: गवताची किंमत तिने सर्वांत आधी ओळखली आणि स्वतःच्या खिशातून मोजली. आता ती किंमत माळाचे पाणी, माती आणि अन्न वापरणाऱ्या प्रत्येकाने वाटून घेतली, तरच फेझंटबरोबर ज्यांच्यामागे कोणी शिकारी नाही ते पक्षीही टिकतील.